चौथ्या मजल्यावरचं शेवाळ

जळगावात समुद्र एकाच ठिकाणी आहे आणि तो चौथ्या मजल्यावर आहे. लांबी चार फूट, उंची दीड फूट. भरती-ओहोटी नाही, पण रोज तीन लिटर पाणी हवेत उडून जातं. ते रोज कोण भरून काढतं असं एखाद्या पाहुण्याने विचारलं, की घरातले सगळे दीपमालाकडे बघतात.

टँक खरं तर मननचा, तिच्या मुलाचा. कॉलेजात असताना त्याला हा नाद लागला. मुंबईहून मीठ मागवून त्याने घरातल्या घरात समुद्र कालवला, दगड रचले, प्रवाळ बसवले, नारिंगी पट्ट्यांच्या माशांची एक जोडी आणि एक निळा मासा आणून सोडला. मग त्याला बंगळूरला नोकरी लागली. मासे काही सामानात नेता येत नाहीत, आणि आईही नेता येत नाही. ते मागे राहिले, एकमेकांच्या ताब्यात. दर रविवारी मननचा व्हिडिओ कॉल येई. "मम्मी, फोन जरा डावीकडे धर ना," तो म्हणे, आणि दीपमाला स्वतःला बाजूला करून मासे दाखवी.

चार वर्षांत ती या कामात तयार झाली. शिकवायला कुणी नव्हतं. जळगावातल्या दुकानदाराने तर "ताई, आपली मजल गोल्डफिशपर्यंत" म्हणून हातच जोडले. मोबाईलवर व्हिडिओ बघत, चुकत, दोन मासे गमावून ती शिकली. खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं नाव नुसतं 'दीप' असं होतं, त्यामुळे सगळे तिला 'दीप सर' म्हणत. तिने ते कधी दुरुस्त केलं नाही. जन्मात पहिल्यांदाच कुणी सर म्हणायला लागलं होतं, ते आपल्या हाताने कशाला घालवा?

माशांना सव्वीस अंश लागतात. मे महिन्यात हॉलमधला एसी दिवसभर चालू, आणि भिंतीपलीकडे दीपमाला घामाने निथळत पोळ्या लाटतेय. "अहो, मला किती अंश लागतात ते कुठे लिहिलंय का?" असं तिने एकदा नवऱ्याला विचारलंही होतं. सुभाषचंद हसले. माणूस वाईट नव्हता, हसून मोकळा होणारा होता.

शेवाळ आलं ते बाई पाचोऱ्याहून कायमच्या राहायला आल्या त्या सुमारास. बाई म्हणजे प्रेमकुंवर, तिच्या सासूबाई; घरात सगळे, मुलगासुद्धा, त्यांना बाईच म्हणत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काठीसारख्या ताठ. पाचोऱ्याचं अंगणातल्या विहिरीचं घर आवरून त्या लिफ्टने वर आल्या, आणि जैन स्थानकात साध्वींच्या व्याख्यानाला जाण्यापुरत्या खाली उतरू लागल्या. त्यानंतर दगडांवर आधी हिरवी लव धरली, मग लवेचे केस झाले, आणि चातुर्मास लागेपर्यंत सगळ्या टँकला हिरव्या जटा वाढल्या. प्रवाळांनी तोंडं मिटली. निळा मासा कोपऱ्यात उभा राहायला लागला, पाहुण्यांसमोर लाजणाऱ्या मुलासारखा.

दीपमालाने काय करायचं बाकी ठेवलं? दाणे निम्मे केले. दिव्याचे तास दहाचे पाच केले. फिल्टरचं शुद्ध पाणी आणून, त्यात मीठ विरघळवून दर आठवड्याला बादल्यांनी पाणी बदललं. तीन दिवस टँकला काळी चादर गुंडाळली, तर शेजाऱ्यांनी दारात येऊन हळू आवाजात विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" शेवाळ खाणाऱ्या पाच गोगलगायी कुरिअरने आल्या. त्यांनी इमानाने खाल्लं, पण त्या एक घास घेत तोवर मागे दोन उगवत.

आणि बाईंचं वेगळंच. त्यांच्या लेखी शेवाळ म्हणजे मळ नव्हे. सुईच्या टोकावर मावेल तेवढ्या शेवाळात अनंत जीव, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. पावसाळ्यात ओल्या फरशीवर हिरवं दिसलं तरी पाऊल मागे घेत.

"दीपा, त्याला हात लावू नकोस हं. चार महिने तरी."

"बाई, ते माशांना मारतंय."

"ते मारतंय ते त्याचं कर्म. तू मारलंस की तुझं."

म्हणून दीपमाला चोरून खरवडत असे. सकाळी नऊला बाई स्थानकात गेल्या की जुना टूथब्रश आणि बारकी नळी घेऊन कोपरापर्यंत हात समुद्रात. साडेदहाला त्या यायच्या आत हात धुऊन, ब्रश लपवून, भाजी निवडायला बसलेली. हिरवे पुंजके बेसिनमध्ये सोडताना ती मनातल्या मनात क्षमा मागे. एका वेळी इतक्या जिवांची मागायची म्हणजे घाऊकच. एकोणपन्नासाव्या वर्षी आपल्याच घरात चोरी, आणि चोरून आणायचं काय, तर शेवाळ.

हे सगळं चाललं होतं ते रूपाजीजीसाठी.

रूपा तिची थोरली बहीण. धुळ्यात शाळेत शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, एकटी राहणारी. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशननंतर पंधरा दिवस दर दोन तासांनी औषध घालायचं, वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. घरात कुणीतरी हवं, आणि कुणीतरी म्हणजे दीपमाला, दुसरं होतंच कोण? तारीख दोनदा पुढे गेली. एकदा टँकचा पंप बंद पडला, एकदा गोगलगायी नेमक्या त्याच दिवशी आल्या. आता तिसरी तारीख सोमवारची.

"या खेपेला येतेच, जीजी," दीपमाला फोनवर म्हणाली.

"हे तू दोनदा बोललीस. आता बोलूच नकोस. डॉक्टरांना मी काय सांगायचं, बहिणीच्या माशांना बरं नाही म्हणून?"

"असं काय करतेस?"

"अगं, शेजारची पुनम घालेल औषध. चांगली आहे पोर. दोन लेकरं आहेत, मोबाईल आहे, त्यातून आठवण राहिली की घालेल." मग रूपा म्हणाली, "काल दूध म्हणून गॅसवर ताक ठेवलं मी. अर्धा तास ढवळत होते."

दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र दीपमालाला हसू पुरलं नाही.

सुभाषचंदांकडे विषय काढला तर उत्तर तयार होतं. "मी नाही म्हणतो का? शेवाळ गेलं की खुशाल जा. पण हे असं टाकून कसं जाशील? मनन दिवाळीत येऊन बघेल ना. मला यातलं कळत नाही, बाईंना जमणार नाही." म्हणजे नवरा म्हणतो, शेवाळ गेल्याशिवाय जायचं नाही, सासू म्हणते, शेवाळ काढायचं नाही, आणि शेवाळ म्हणतं, मी काही जात नाही. तिघांच्या मधे काचेबाहेर दीपमाला उभी. कधीकधी तर तिला वाटे, बाहेर नेमकं कोण आहे ते एकदा तपासून घ्यायला हवं.

गुरुवारी कमलबाई फरशी पुसत होती. ती नशिराबादहून येई, आणि तिच्या माहेरची अहिराणी तोंडात तशीच होती. फडकं पिळता पिळता तिने टँककडे बघितलं.

"वहिनी, हाई बठ्ठं हिरवंगार व्हई गयं. आक्का रोज इतलं पानी टाकतस, तरी?"

"कोण टाकतं?"

"आक्का. सकाय सकाय. मी देखेल शे ना. तुम्ही आंघोळले जातस तवय."

आक्का म्हणजे बाई. दीपमालाने हातातला चमचा खाली ठेवला. गेले काही महिने टँक हिशेबापेक्षा कमी आटत होता. तीनऐवजी दोनच लिटर घालावं लागे. एसीचा गुण असेल म्हणून ती खूश होती.

तिने इमारतीच्या बोअरचं पाणी नळावरून घेतलं आणि तपासणीच्या किटमधल्या नळीत भरलं. टँकसाठी शुद्ध पाणी आणायचं म्हणून साधं नळाचं तपासायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. पाच मिनिटांत नळी लालभडक झाली. नायट्रेट. शेवाळाचं पंचपक्वान्न. रोज एक कळशी, आठ महिने.

शुक्रवारी सकाळी ती आंघोळीला गेलीच नाही. बाथरूमचा नळ सोडून ठेवला आणि दाराआड उभी राहिली.

बाईंनी नळाखाली दुहेरी फडकं धरून पाणी गाळलं. मग फडकं उलटं केलं, गाळलेल्याच पाण्याने हलक्या हाताने धुऊन त्यातलं सगळं छोट्या कळशीत घेतलं. दोन्ही हातांनी कळशी धरून त्या हॉलमध्ये आल्या, टँकचं झाकण सरकवलं, कळशीचा काठ पाण्याला टेकवला आणि आवाज होऊ न देता ती हळूहळू रिकामी केली. इतक्या मायेने तर त्यांनी मननला कधी आंघोळ घातली नसेल.

"बाई."

बाई दचकल्या नाहीत. चोरी नव्हतीच ती. "अगं, तू आंघोळ करत होतीस ना?"

"हे काय घातलंत?"

"जिवाणी. पाणी गाळल्यावर फडक्यात जीव राहतात, ते पाण्यात परत सोडायचे नसतात का? पाचोऱ्याला विहिरीत बादली थेट पाण्यापर्यंत सोडून उपडी करायची मी. वरून आदळायचे नाहीत. तुला कुणी शिकवलं नाही का?"

"पण इथे का?"

"मग कुठे? बेसिनमध्ये? जिवंत जीव गटारात लोटू?" बाईंनी हॉलभर हात फिरवला. "तुझ्या या घरात साठलेलं पाणी एवढं एकच आहे. मासे आहेत, दगड आहेत, दिवा आहे. म्हटलं सुखाने राहतील."

दीपमालाकडे आता दोन वाक्यं तयार होती. एक बोलायचं होतं, एक गिळायचं होतं. बोलायचं होतं ते ती बोलली. "बाई, बोअरच्या पाण्यात खत उतरलेलं असतं. ते खाऊन शेवाळ वाढतं. जिवाणी आपण इमारतीच्या खालच्या हौदात सोडू, पाणी तिथलंच आहे ना? झाकण मी वॉचमनला उघडायला सांगते."

"म्हणजे शेवाळ माझ्यामुळे?"

"पाण्यामुळे."

"पाणी कोण घालत होतं?" बाई टँककडे बघत राहिल्या. मग त्यांनी पाण्यात बोटाचं टोक बुडवलं आणि जिभेला लावलं. सगळा चेहरा आवळला. "अगं बाई! हे इतकं खारं?"

"समुद्राचं आहे ना."

"खारं आहे हे ठाऊक होतं मला. मला वाटलं, वरणाइतपत." त्या तिच्याकडे वळल्या. "दीपा, गोड्या पाण्यातला जीव यात राहतो का?"

गिळायचं होतं ते वाक्य म्हणजे याचंच उत्तर. राहतो, असं म्हणता आलं असतं. बाईंनी विश्वासही ठेवला असता. इतकी वर्षं या बाईने डोळे मिटून तिच्या हातचं खाल्लं होतं. पण त्यांनी विचारलं ते अशा नजरेने, की खोटं बोलायचं तर आधी त्यांचा हात सोडून चार पावलं लांब जायला हवं होतं. त्यांनी तिचा हात कधी धरला, हेही तिला कळलं नव्हतं.

"नाही, बाई."

"लगेच जातात?"

"लगेच."

बाई खुर्चीत बसल्या. "पौषात आले मी," त्या बोटांवर महिने मोजत म्हणाल्या. चहाही घेतला नाही. नऊला स्थानकात गेल्या आणि आल्या त्या तेल्याचं पच्चक्खाण, तसा नेम, घेऊनच. तीन दिवस निव्वळ उपास, दिवसा उकळलेलं पाणी तेवढं. शुक्रवार, शनिवार, रविवार. पारणं सोमवारी सकाळी.

सोमवारी सकाळी नऊला धुळ्यात रूपाचं ऑपरेशन.

"बाईंना कशाला सांगायचं होतं?" संध्याकाळी सुभाषचंद आवाज न वाढवता चिडले.

"तुम्हीच म्हणालात ना, शेवाळ घालव म्हणून? कारण सापडलं."

"मग गेलं का?"

"दोन महिने लागतील. आधीचं साचलेलं आहे."

"मग या वयात त्यांना तेला करायला लावून तू काय मिळवलंस? आता पारण्याला घरची सून नको?"

दीपमाला भांडी आवरायला लागली. खरंच, काय मिळवलं होतं? आधी फक्त शेवाळ अडवत होतं. आता एक अठ्ठ्याहत्तर वर्षांची उपाशी म्हातारी आडवी झाली होती, आणि तिला ओलांडून जायला ब्रश आणि नळी कामाची नव्हती. तिने दोन दिवस पाणी उकळलं, गार केलं, गाळलं. फडक्यातलं घेऊन कमलबाई हौदावर जात होती आणि वॉचमन दर वेळी विचारत होता, "यात दिसत तर काहीच नाही?"

शनिवारी रूपाला फोन लावायला तिने तीनदा मोबाईल उचलला. तिसऱ्या वेळी लावला.

"जीजी, इथे जरा..."

"कळलं," रूपा म्हणाली. रागावली नाही, टोमणाही मारला नाही. "बरं, तू जेवलीस का?"

रूपाने टोमणा मारला असता तर दीपमाला कदाचित राहिली असती. तिने फोन ठेवला, माळ्यावरून बॅग काढली आणि फडक्याने पुसली.

रविवारी सकाळी तिने टँकच्या काचेवर पेनाने रेघ ओढली. एका कागदावर लिहिलं: पाणी रेघेपर्यंत, शुद्धच, दाणे चिमूटभर, एकदाच, पंप बंद पडला तर मला फोन, बाकी कशालाही नको. 'बाकी कशालाही नको' याखाली दोन रेघा मारल्या. सुभाषचंदांनी कागद वाचला आणि चष्मा काढून पुन्हा वाचला.

"म्हणजे तू चाललीस?"

"दोनच्या बसने."

"शेवाळ तसंच ठेवून?"

"तसंच. त्याला माझी वाट बघायची सवय आहे."

बाई हॉलमध्ये दिवाणावर पडल्या होत्या. एसी तिथेच होता. डोळे मिटलेले, हातात माळ, ओठ कोरडे. त्या झोपल्यात असं दोघांनाही वाटलं होतं.

"पारणं मी दीपाच्याच हातचं करणार," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "ती येईल तेव्हा करीन."

सुभाषचंदांनी बायकोकडे बघितलं. बघ, असं न म्हणता म्हणाले.

बॅग दारात होती. रिक्षावाल्याला दीडची वेळ सांगितली होती. दीपमाला दिवाणाच्या कडेला बसली आणि बाईंचे पाय चेपायला लागली. पाय थंड होते, हलके होते. बाई बोलतात ते करतात, हे अठ्ठावीस वर्षांत तिने पाहिलं होतं. धमकी द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणूनच तर भीती होती.

"बाई, मी पंधरा दिवसांनी येणार आहे."

"पंधरा?"

"दर दोन तासांनी औषध आहे डोळ्यात."

"आठ नाही का चालणार?"

"पंधरा."

बाईंनी एक डोळा उघडला. वर पंख्याकडे बघून मनात काहीतरी मोजलं. माळेचे दोन मणी पुढे गेले, एक मागे आला.

"सकाळपासून मला नुसता मुगाचा वास येतोय," त्या हळूच म्हणाल्या.

"कुणी शिजवले नाहीत, बाई."

"तेच ना. न शिजवता येतोय." त्यांनी दुसरा डोळाही उघडला. "पंधरा दिवस नाही गं होणार माझ्याच्याने. जोरात बोलून गेले. सुभाष!"

"काय, बाई?"

"मूग भिजत घालता येतात का तुला?"

सुभाषचंद हसले. आपण हसलो की विषय संपतो, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता. बाई हसल्या नाहीत. त्या कोपरावर उठून बसल्या आणि मुलाकडे बघत राहिल्या, तेव्हा ते उठले, जरा घुटमळले आणि स्वयंपाकघरात गेले.

"मुगाचं पाणी पातळ कर म्हणावं त्याला, पेजेसारखं नको. रात्रीतून एकदा पाणी बदलायचं," बाई दीपमालाला म्हणाल्या. "आणि जीजीला सांग, डोळा चोळायचा नाही. कितीही खाजला तरी. मी चोळला होता माझा. पुन्हा जावं लागलं दवाखान्यात."

"सांगते."

"आणि तुझ्यावर मी रागावलेय हं. अजून."

"हो, बाई."

"आल्यावर बोलू."

आतून भांड्याला भांडं लागल्याचा आवाज आला. मग सुभाषचंदांचा. "दीपा! मूग कुठे असतात?"

दीपमालाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. मधली फळी, डावीकडून तिसरा डबा, पिवळ्या झाकणाचा. पाय तर निम्मे वळलेही होते.

"तू निघ," बाई म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या. "शोधेल. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे त्याला."

तिने चपला घातल्या, बॅग उचलली. खाली रिक्षा भोंगा वाजवत होती. लिफ्ट कुणीतरी वर अडवून धरली होती, म्हणून ती जिन्याने निघाली. तिसऱ्या मजल्यापर्यंत डब्यांची झाकणं उघडल्याचे आणि पुन्हा लावल्याचे आवाज येत होते.